हातात ताट, समोर घाट

गाडी वळते तेव्हा तुमच्या हातात काय असतं?

खरं सांगा. स्टेअरिंग असतं? दारावरचं हँडल? की तोंडापाशी धरलेली प्लास्टिकची पिशवी?

आमच्या विमलमावशीच्या गाडीत बसलात तर तुमच्या हातात ताट असेल. जेवायचं, स्टीलचं, चांगलं काठाचं ताट. ते दोन्ही हातांनी समोर उभं धरायचं आणि मावशी जिकडे गाडी वळवेल तिकडे आपणही वळवायचं. ताट मांडीवर ठेवून नुसतं खिडकीबाहेर बघत बसलात, तर मावशी आरशातून बघते आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेते.

"हातात काय आहे तुझ्या?"

"ताट."

"ताट नाही ते. स्टेअरिंग आहे. चालव."

आणि तुम्ही चालवेपर्यंत गाडी हलत नाही.

मावशी माझ्या नात्यातली नाही. कालगुर्लीत मराठी घरं इतकी थोडी आहेत की इथे वयाने मोठी बाई आपोआप मावशी होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हे सोन्याच्या खाणीचं गाव. सगळीकडे लाल माती, आणि जमीन अशी सपाट की गोटी ठेवली तरी घरंगळणार नाही. आमच्यातले बहुतेक जण खाणीत इंजिनिअर किंवा हॉस्पिटलात डॉक्टर. मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. आणि विमलमावशी डंपर चालवते.

आपल्याकडे वाळू वाहतो तो डंपर डोळ्यांसमोर आणू नका. या डंपरचं एक चाक माझ्या दुप्पट उंच आहे. वर चढायला जिना आहे. मावशी स्वतः पाच फुटांना जरा कमीच भरते, त्यामुळे ती त्यात बसली की खालून फक्त हेल्मेट दिसतं. खाण म्हणजे जमिनीत खोदलेला अजस्र खड्डा, आणि त्याच्या भिंतींवरून गोल गोल खाली जाणारा रस्ता. तळाशी दगड भरायचे, वर आणून ओतायचे, पुन्हा खाली. शिफ्ट संपेपर्यंत हेच.

"कालगुर्लीत घाट नाही म्हणतात," मावशी सांगते. "आहे की! उलटा आहे. आधी उतरायचा, मग चढायचा."

तर ही मावशी येत्या जुलैत गाडी घेऊन बर्फात निघाली आहे.

इकडचा जुलै म्हणजे ऐन हिवाळा. देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या डोंगरांत तेव्हा बर्फ पडतो. शहाणा माणूस विमानाने जातो. मावशी नॉर्समनवरून नलारबोरचं माळरान ओलांडून, पोर्ट ऑगस्टा मागे टाकून, आधी ब्राइटला पोचणार, तिथून होथमचा घाट चढून ओमिओला उतरणार, आणि मग पुन्हा वर वळून खॅन्कोबन, थ्रेडबो असा दुसरा बर्फाचा घाट काढणार. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने भलामोठा नकाशा लावला आहे. नकाशात लोक जवळचा रस्ता शोधतात. मावशी वळणं शोधते. जिथे रस्त्याची रेघ आतड्यासारखी गुंडाळलेली दिसते, तिथे ती लाल पेनाने टिकली लावते आणि म्हणते, "हा बघ, हा कसा मस्त वाकडा आहे."

मागच्या दोन सीट भरल्या आहेत. एकीवर मी, दुसरीवर आमच्या मायाकाकू. पुढची सीट मावशीने राखून ठेवली आहे, चिपळूणजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या सुमनसाठी. सुमन ही मावशीची मोठी जाऊ. ती येते की नाही, यावर सगळी सहल अडली आहे. मावशीची रजा जुलैतलीच मंजूर झाली आहे. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं? सुमनचं वय साठीच्या पुढे आहे, आणि आजवर तिने मोठा प्रवास म्हणून काही केलेला नाही. कारण तिला गाडी लागते.

हे तीन शब्द नीट वाचा. हिला गाडी लागते. आपल्या भाषेत बायकांना घरी बसवायला जेवढी वाक्यं आहेत, त्यांतलं हे सगळ्यात सोज्वळ. ते म्हणताना कुणाचा आवाज चढत नाही, कुणी हात उगारत नाही. उलट काळजीच वाटते त्यात. "तुला गाडी लागते ना, मग तू थांब. आम्ही जाऊन येतो." आणि जीप भरून लोक जातात.

माझी आणि मावशीची ओळखच मुळी या विषयावर झाली. एक बाई दुकानात प्रवासाच्या गोळ्या मागत होती. मी डबी काढून द्यायला लागले, तेवढ्यात मागच्या रांगेतून खाणीच्या भगव्या शर्टातली एक ठेंगणी मूर्ती पुढे आली आणि त्या बाईला इंग्रजीत म्हणाली, "मेट, नो टॅब्लेट. ड्राइव्ह."

मी म्हटलं, "एक्स्क्यूज मी, आय अॅम द फार्मासिस्ट."

तिने माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि सरळ मराठीत सुरू झाली. "मग तुला तर कळायलाच पाहिजे. ड्रायव्हरला कधी गाडी लागलेली बघितलीस? बस, ट्रक, टेम्पो, रिक्षा, सांग एक तरी ड्रायव्हर, घाटात पिशवी धरून बसलेला."

मी डबी हातात धरून एकेक ड्रायव्हर आठवायला लागले.

"मग? दोघं बसलेत एकाच गाडीत. रस्ता तोच, वळण तेच. एकाचं पोट ठीक, एकीचं उलटं. का? हातात काय आहे त्याच्या?"

गोळ्या मागणारी बाई एव्हाना डबी न घेताच निघून गेली होती. दुकानमालकाने माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ही बाई म्हणजे चालतंबोलतं पत्रक आहे.

पत्रकं मी ओळखते. माझ्या वडिलांनी जन्मभर तीच काढली. शाळेतून आल्यावर आम्ही भावंडं जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. त्यामुळे चार ओळींत अन्याय सांगायचा, पाचवीत कारण, आणि शेवटी वाचणाऱ्याला काम लावायचं, हा क्रम माझ्या अंगात भिनला आहे. मावशीकडे अन्याय होता, कारणही होतं. तो इतिहास तिने मला पुढे अनेक चहांमध्ये सांगितला.

मावशीचं माहेर पाटणकडचं, घाटावरचं. सासर घाटाखाली. मधे कुंभार्ली घाट. बौद्ध पद्धतीने लग्न लागलं, बुंदीचं जेवण झालं, आणि पांढऱ्या साडीतल्या नवरीला जीपच्या सगळ्यात मागच्या आडव्या सीटवर, दोन ट्रंका आणि सासूबाई यांच्यामध्ये बसवून वरात घाट उतरायला लागली. तिसऱ्या की चौथ्या वळणावर नवरीने बुंदी परत केली. काही साडीवर, काही सासूबाईंच्या ओटीत.

"पुढं काय झालं?" मी विचारलं.

"पुढं काय होणार? पुरुष हसले. सासू पुढची तीस वर्षं सांगत राहिली."

त्यानंतर महाबळेश्वर असो, कुणाचं लग्न असो, दीक्षाभूमीला निघालेली बस असो, मावशीला कोणी बरोबर नेलं नाही. घराला कुलूप लागू नये म्हणून कुणीतरी मागे राहावं लागतंच. ही होती, आणि हिच्यासोबत मोठी जाऊ होती. कारण सुमनलाही गाडी लागायची. सगळे गेले की या दोघी अंगणात बसायच्या आणि जीपचा आवाज ऐकू येईनासा झाला की चहा ठेवायच्या.

पुढे मावशीच्या नवऱ्याला इथे खाणीत फिटरची नोकरी लागली. पर्थपासून कालगुर्लीपर्यंतच्या रस्त्यावर मावशीला पहिल्यांदा मळमळलं नाही. तिला वाटलं, देश चांगला आहे. नंतर लक्षात आलं, रस्त्याला वळणच नव्हतं. नवऱ्याने गाडी शिकवली नाही. "तुला बसून लागते, चालवून काय होईल?" हा त्याचा युक्तिवाद होता. पुढे त्याच्या आणखी काही युक्तिवादांना कंटाळून मावशी वेगळी झाली. तो पर्थला निघून गेला. मावशीने खाणीच्या कॅम्पवर साफसफाई धरली, हट्टाने लायसन्स काढलं, आणि एक दिवस डंपरसाठी नवशिके लोक हवेत अशी नोटीस पाहून अर्ज टाकला.

पहिल्या दिवशी शिकवणारीने तिला शेजारी बसवून खड्ड्यात नेलं. मावशीने हेल्मेट काढलं आणि त्यात उलटी केली.

"मला वाटलं, झालं. आता म्हणेल जा घरी. आयुष्यभर तेच ऐकलेलं. ती बाई काय म्हणाली माहितीय? 'नो वरीज. यू ड्राइव्ह.' अगं, मी तिच्या सीटवर बसले. तोच रस्ता, तीच वळणं. आणि पोट असं गार, जसं काही देवळात बसलेय."

"तुम्ही कधीपासून देवळात जायला लागलात?"

"बरं, विहारात. शब्दात पकडू नको." मग ती थांबून म्हणाली, "तेव्हा कळलं बघ. बाईचं पोट नाजूक नसतं. वळण कधी येणार हे तिला कुणी सांगतच नाही."

हे वाक्य माझ्या वडिलांना सुचलं असतं तर त्यांनी त्याची हजार पत्रकं छापली असती.

ताटाचा शोध यातूनच लागला. सगळ्यांनाच एकदम स्टेअरिंग देता येत नाही. पण हातात गोल काहीतरी असेल आणि डोळे रस्त्यावर असतील, तर पोटाला आधी कळतं की वळण येतंय. मावशी खाणीतल्या रेडिओची सवय गाडीतही चालवते. "लेफ्ट येतंय, हळू," असं ती मोठ्याने जाहीर करते. आम्ही मागून म्हणायचं, "कॉपी," म्हणजे ऐकलं, कळलं. आणि ताटं डावीकडे.

थोरातकाकांना हे सगळं थोतांड वाटतं. थोरातकाका आमच्या छोट्या मंडळाचे अध्यक्ष, मायाकाकूंचे यजमान आणि खाणीत इंजिनिअर. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांचं स्त्रीमुक्तीवर फार सुंदर भाषण झालं. टाळ्या पडल्या. मग चहाच्या वेळी मावशीने बर्फाची सहल जाहीर केली, आणि काका हसले.

"विमलताई, पर्थहून विमान पकडा, कॅनबेराला उतरा, तिथून बसने बर्फ बघून या. हे एवढं आडवं कशाला?"

"बसमध्ये स्टेअरिंग कुणाच्या हातात?"

"आणि नलारबोरवर ते ताट कशाला हो? तिथे तर एक वळण नाही."

"तिथं ताटात जेवायचं."

लोक हसले. काकांना ते झोंबलं. "आणि ही जाऊ कुठली? घटस्फोट झालाय तुमचा. नातं संपलं. व्हिसावाल्यांनी विचारलं तर काय सांगणार?"

मावशीने कप खाली ठेवला. "थोरातसाहेब, मी नवऱ्याला सोडलं. जावेला कुठं सोडलंय? कोर्टाच्या कागदावर तिचं नाव होतं का?"

मायाकाकू बशीत बघत म्हणाल्या, "विमल, मागं अजून एक जागा आहे ना गं?"

"माया, तुला गाडी लागते," काका म्हणाले. अगदी मऊ आवाजात.

"म्हणूनच," काकू म्हणाल्या.

मी त्या क्षणी टाळ्या वाजवल्या. भाषणाला वाजवल्या नव्हत्या. मुक्तीवर तासभर बोलायचं आणि घरी जाताना बायकोला मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसवायचं, हे आपल्यात फार चालतं. चळवळीतल्या माणसाची परीक्षा मला विचाराल तर स्टेजवर घेऊच नये. गाडीची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते बघावं.

मग तयारी सुरू झाली. बर्फात चाकांना साखळ्या लावाव्या लागतात, नाहीतर गाडी घसरते. मावशीने त्या आधीच, जानेवारीत, मागवून ठेवल्या होत्या. तेव्हा कालगुर्लीत पत्र्याला हात लावला तर फोड येतो. भर उन्हात, लाल मातीत, मावशी लोकरीचे हातमोजे घालून चाकाला साखळी लावायचा सराव करायची. हातमोजे थंडीसाठी घेतले होते, चटक्यासाठी उपयोगी पडले. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघून विचारायचा, "एनी स्नो यट?" मावशी आकाशाकडे बघून म्हणायची, "नॉट टुडे."

मी सुचवलं, सोबत लिंबं घेऊ. मळमळलं तर हुंगायला.

"वाटेत सेड्यूना गावाला नाका आहे. फळमाशी पसरू नये म्हणून फळं काढून घेतात. लिंबू सरकारजमा होईल. ताट कोणी काढून घेत नाही."

पण सराव करायला वळणं हवीत, आणि खाणीत खासगी गाडी नेता येत नाही. इथे वाकडं असं एकच होतं: राउंडअबाउट, म्हणजे ज्याला वळसा घालून पुढे जायचं तो चौकातला गोल. रविवारी दुपारी मावशी आम्हाला घेऊन गावाबाहेरच्या राउंडअबाउटला जायची आणि फिरत राहायची. गोल, गोल, गोल. "हा होथम समज. राइट येतंय, राइट येतंय, अजून राइटच येतंय." मागे मी आणि मायाकाकू ताटं फिरवतोय. पुढच्या रिकाम्या सीटवर सुमनचं ताट, त्याला सीटबेल्ट लावलेला.

अशाच एका रविवारी मागून निळा-लाल दिवा लागला. तरुण पोलीस होता. खिडकीशी आला. आधी मावशीकडे पाहिलं, मग पुढच्या ताटाकडे, मग आमच्या दोघींच्या ताटांकडे.

"आर यू लेडीज लॉस्ट?"

"नो," मावशी म्हणाली. "प्रॅक्टिस."

"फॉर व्हॉट?"

"स्नो."

त्याने वर पाहिलं. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

"अँड द प्लेट्स?"

मायाकाकूंनी मागून, अत्यंत गंभीरपणे, सांगितलं, "वी आर ऑल्सो ड्रायव्हिंग."

त्याने बेल्ट लावलेल्या ताटाकडे बोट केलं. "अँड हू इज दॅट?"

"माय सिस्टर-इन-लॉ," मावशी म्हणाली. "शी इज कमिंग."

त्याच्या चेहऱ्यावर हसू येत होतं आणि तो ते दाबत होता. शेवटी तो कामाचं बोलला. मागे काहीही धरा, पण पुढे एअरबॅग असते. ती फुटली तर धातूची प्लेट तोंडावर येईल. पुढे स्टीलचं ताट चालणार नाही. "एन्जॉय द स्नो," म्हणाला आणि गेला.

मायाकाकू आणि मी पोट धरून हसलो. मावशी हसली नाही. ती विचारात पडली. सुमनच्या हातात मग द्यायचं काय?

कारण सुमनची तयारीही रविवारीच चालायची. चहा झाला की मावशी तिला व्हिडिओ कॉल लावायची. तिकडे स्वयंपाकघरात, पाटावर बसून, केस पिकलेली एक बारीक बाई दोन्ही हातांत ताट धरून तयार असायची.

"सुमनताई, लेफ्ट येतंय."

"आलं गो. वळवलं."

"एवढं नाही, दरीत जाशील. बघ खाली."

"खाली मांजर आहे." आणि दोघी हसत सुटायच्या.

एकदा मागून मोठ्या दिरांचा, म्हणजे सुमनच्या नवऱ्याचा, आवाज आला. "अगो, हिला परसातून अंगणात आणली तरी गाडी लागते. ऑस्ट्रेलियाला कशी येते ही?"

सुमनने मागे बघितलं नाही. ताट सरळ केलं आणि म्हणाली, "विमल, पुढचं सांग. राइट की लेफ्ट?"

पासपोर्ट तिने काढला होता. व्हिसाचे कागद मावशीने इथून भरले होते. आता तिला बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं होतं. घरातून कुणी न्यायला तयार नव्हतं. आणि चिपळूणहून पुण्याला जायचं तर कुंभार्ली घाट चढूनच जावं लागतं.

त्या आठवड्यात मावशी राउंडअबाउटला आली नाही. मी घरी गेले तर ती नकाशासमोर उभी होती. पण बघत होथमकडे नव्हती. तिने मोबाइलवर महाराष्ट्र काढला होता आणि पाटणच्या अलीकडे बोट ठेवलं होतं.

"कितीदा सांगितलं, मी येते न्यायला," ती म्हणाली. "म्हणते, तू आलीस तर तुझी रजा संपेल, मग बर्फ कोण दाखवणार? रजा मोठी का गं? वर चढताना दरी डाव्या हाताला दिसते. ती खिडकीत बसली तर बघेल खाली. बघायला नको खाली."

खाणीच्या तळातून डोंगराएवढे दगड वर आणणारी बाई मी पहिल्यांदा घाबरलेली पाहिली.

फोन आला तो दिवस रविवार नव्हता. मावशीची सुट्टी होती, मी दुपारी मोकळी होते, आणि आम्ही दोघी गाडीत होतो. राउंडअबाउटच्या अलीकडेच. फोन वाजला. मावशीने गाडी कडेला घेतली आणि स्पीकर लावला. मागे बसगाड्यांचा गलका ऐकू येत होता.

"विमल? मी स्वारगेटला आहे."

मावशीने फोनचा आवाज वाढवला.

"ऐकतेस ना गो? एकटी आले. ताट घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, मावशी, ताट कशाला, एसटीत जेवण नसतं. मी म्हटलं, मी गाडी चालवतेय. तो ड्रायव्हरला ओरडून सांगतो, मास्तर, तुमची नोकरी गेली! अख्खी बस हसली."

"मग?" मावशी फोनवर वाकली.

"मग काय? हसू दे. मी पुढच्या सीटवर बसले, काचेतून रस्ता बघत. लेफ्ट आला, वळवलं. राइट आला, वळवलं. आख्खा घाट चढले मी." मागे एक एसटी हॉर्न देत निघाली. "विमल, पिशवी कोरी आहे. घडीपण मोडली नाही."

मावशीने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. गाडी बंद होती. तरी तिने स्टेअरिंग हलकेच डावीकडे वळवलं, मग उजवीकडे.

"कॉपी," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर आम्ही राउंडअबाउटला एक फेरी मारली. त्या फेरीत मावशीने एकही वळण जाहीर केलं नाही. मग ती म्हणाली, "मागं पिशवी आहे बघ. त्यातलं काढ आणि पुढच्या सीटवर ठेव. बेल्ट लाव."

पिशवीत कापडाचं एक गोल कडं होतं. डोक्यावर हंडा ठेवायला बायका चुंबळ करतात तसं, पण मोठं, स्टेअरिंगएवढं, घट्ट वळलेलं आणि टाके घालून पक्कं केलेलं. एअरबॅग फुटली तरी कुणाला लागणार नाही असं मऊ. पांढरं कापड. जुनं. एका बाजूला केशरी, फिकट डाग.

"हा डाग कसला?"

"बुंदीचा," मावशी म्हणाली. "त्या रात्री सगळे जेवत होते तेव्हा सुमनताईने मला विहिरीवर नेलं. साडी सोडवून घेतली आणि स्वतः धुतली. घासघास घासली. म्हणाली, रडू नको, मलाही लागते. आपण दोघी मिळून घरी राहू." तिने गिअर टाकला. "डाग काही गेला नाही. पण घरी राहायचं आता बास झालं."

मी ते कडं पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला बेल्ट लावला.

व्हिसा अजून आलेला नाही. जुलै जवळ येतोय. मावशीने साखळ्या गाडीत भरल्या आहेत, आणि व्हिसा उशिरा आला तर सुमनला घ्यायला पर्थच्या विमानतळावर कोण जाणार, याची शिफ्टसुद्धा ठरवली आहे. मायाकाकूंनी थोरातकाकांसाठी फ्रीजमध्ये काही करून ठेवणार नसल्याचं जाहीर केलं आहे.

आणि आता तुमचं काम. पत्रकाच्या शेवटी ते असतंच.

तुमच्या घरात कुणीतरी अशी आहे. आई असेल, जाऊ, आत्या, बहीण, बायको असेल. तिला गाडी लागते म्हणून तुम्ही तिला कुठेतरी जाताना मागे ठेवलं आहे, बहुधा फार प्रेमाने. हे वाचून झालं की उठा आणि तिला विचारा, तुला कुठे जायचं होतं? ती पहिल्यांदा "कुठे नाही" म्हणेल. पुन्हा विचारा. मग गाडीची किल्ली तिच्या हातात द्या. तिला चालवता येत नसेल तर शिकवा. शिकवायला वेळ लागणार असेल तर तोवर तिला समोरचा रस्ता दिसेल अशी जागा द्या, प्रत्येक वळण येण्याआधी तिला सांगा, आणि निघताना स्वयंपाकघरातून एक ताट बरोबर घ्या.